पुण्यात नवे आहात? रविवारपासून सुरुवात करा

गावाकडून पुण्यात आलेल्या पोरापोरींचा पहिला महिना कशात जातो ते मला पाठ आहे. खोली, डिपॉझिट, मेस, बसचा पास, कॉलेजची फी नाहीतर कंपनीचं जॉइनिंग. देवाचा नंबर त्यानंतर लागतो, आणि तोही "पुढच्या रविवारपासून जाऊ" असा. मीही राहुरी तालुक्यातून अशीच आले होते. आईने कपड्यांच्या घडीत बायबल ठेवून दिलं होतं. पहिले पाच आठवडे ते त्या घडीतच राहिलं.

विश्वास गेला होता असं नाही. वेळ ठरलेली नव्हती, जागा ठरलेली नव्हती, आणि मी आले की नाही हे बघणारं कुणी नव्हतं, एवढंच. गावात ही तिन्ही कामं मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आपल्यासाठी करत असते. घंटा होते, आई हाक मारते, आणि नाहीच गेलं तर पाळकबाई दुपारी दारात येऊन "बरं नाही का गं?" विचारतात. पुण्यात घंटा ट्रॅफिकमध्ये ऐकू येत नाही. म्हणून ती तिन्ही कामं आपली आपण लावून घ्यायची.

आमच्या चर्चच्या तरुण संघात नवीन आलेल्यांची वही सध्या माझ्याकडे असते. त्या मुलांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

निघण्याआधी: दोन कागद

आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांकडून एक पत्र घ्या: हा किंवा ही आमच्या मंडळीची सभासद आहे, पुण्याला शिकायला किंवा नोकरीला येत आहे. बाप्तिस्म्याचा आणि झालं असेल तर दृढीकरणाचा दाखला सोबत ठेवा. कॅथलिक असाल तर फादरांकडून स्नानसंस्काराचा दाखला. दोन्हींचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पुढे लग्नाच्या वेळी कागदासाठी धावाधाव होते, तेव्हा माझी आठवण काढाल.

पहिले तीन रविवार: चर्च शोधणं

तीनच. चौथ्या रविवारी एका ठिकाणी बसायचं ठरवून टाका. वर्षभर दर रविवारी नवं चर्च बघत फिरणारी मुलं आहेत. त्यांना पुण्यातल्या प्रत्येक चर्चचा गाण्याचा ग्रुप कसा आहे ते सांगता येतं, पण त्यांचं नाव कुठल्याच मंडळीला माहीत नसतं.

निवडताना मी दोन गोष्टी बघायला सांगते. पहिली, अंतर. दोन बस बदलून जावं लागणारं चर्च पावसाळ्यात सुटतंच. दुसरी, भाषा. कॅम्प भागात इंग्रजी उपासना बऱ्याच आहेत आणि त्यात वाईट काही नाही. "इंग्रजी सुधारेल" म्हणून तिकडे जाणारी मुलंही मी पाहिली आहेत, आणि सुधारतं, हे खरं. पण आजी गेल्याचा फोन येतो तेव्हा तोंडात मराठीच प्रार्थना येते. निदान महिन्यातून काही वेळा तरी मराठी उपासनेत बसा.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेली मुलं बहुतेक सदाशिव आणि नारायण पेठेत राहतात. त्यांनी गुरुवार पेठेतल्या पंचहौदला चालत जाऊन बघावं. तिथल्या पवित्र नाम देवालयाचा उंच घंटाघर-मनोरा लांबूनच दिसतो. ऑक्टोबर १८९० मध्ये याच पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी एका कार्यक्रमाला गेली. तिथे चहाबिस्किटं आली, आणि त्या चहावरून पुण्यात मोठं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं; प्रायश्चित्तापर्यंत वेळ आली. आता तिथे उपासनेनंतर कुणी चहा दिला तर निवांत प्या. क्वार्टर गेटचं सिटी चर्च कॅथलिकांचं. त्याची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. "तुमचा धर्म इंग्रजांनी आणला" असं कुणी मेसमध्ये म्हणालं तर ही एक गोष्ट सांगायला ठीक आहे. वाद मात्र घालू नका, जेवण गार होतं. कर्वे रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना सेंट क्रिस्पिन्स जवळ पडतं. खडकी, घोरपडी, येरवडा, वडगाव शेरी, पिंपरी-चिंचवड, सगळीकडे चर्चेस आहेत.

उपासनेची किंवा मिस्साची (कॅथलिक उपासनेची) वेळ मोबाइलवर बघून निघू नका. आधी एकदा जाऊन फाटकाजवळचा फळा वाचा. मराठी आणि इंग्रजीच्या वेळा वेगळ्या असतात, आणि सणावाराला त्या बदलतात.

चौथा रविवार: आपला नंबर द्या

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. उपासना संपल्यावर चपला घालून पळू नका. सेक्रेटरी किंवा पाळकसाहेबांना भेटा, "जय ख्रिस्त" म्हणा, पत्र दाखवा, नाव, गाव, होस्टेल आणि मोबाइल नंबर लिहून द्या. लाज वाटते, मला माहीत आहे. सगळे एकमेकांना ओळखतात, घोळका करून बोलत असतात, आणि आपण भिंतीवरची संगमरवरी पाटी तिसऱ्यांदा वाचत उभे असतो.

मी नंबर दिला तो सुद्धा एका मावशींनी हाताला धरून नेलं म्हणून. त्या माझ्या मागच्या बाकावर बसायच्या. पुढे ऑगस्टमध्ये मला ताप आला. रूममेट गावी गेलेली, मेसचा डबा खोलीबाहेर तसाच. त्या रविवारी मी चर्चला गेले नाही, आणि दुपारी दोनच्या सुमारास होस्टेलच्या वॉचमनने खालून हाक मारली. फाटकाशी मावशी, छत्री काखेत, हातात स्टीलचा डबा. वरच्या पुडात मऊ भात आणि त्यावर तूप, खालच्या पुडात मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं. "बाक रिकामा दिसला," एवढंच म्हणाल्या. थांबल्याही नाहीत, त्यांना येरवड्याची बस गाठायची होती.

डबा मी पुढच्या रविवारी परत नेला. त्यानंतर रविवार चुकवायचा म्हटलं की आधी त्यांचं तोंड समोर यायचं. विश्वासाबद्दल मी पुष्कळ संदेश ऐकले आहेत, काही फार चांगले होते. पण माझं पुण्यातलं चर्चला जाणं त्या डब्यापासून सुरू झालं.

रोजची दहा मिनिटं

चौघींच्या खोलीत प्रार्थना कुठे करायची, हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला असं लिहिलं आहे. त्याला बहुधा शिष्यांच्या घोरण्याचा अनुभव असावा. होस्टेलची गच्ची, अभ्यासिका उघडण्याआधीचा कट्टा, पीएमटीच्या खिडकीची सीट, काहीही चालतं. (पीएमपीएमएल म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही.) रोज तीच जागा आणि तीच वेळ असली की झालं. डोळे मिटलेच पाहिजेत असंही नाही; बसमध्ये मिटले तर स्टॉप जातो.

काय म्हणायचं ते सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, प्रत्येक ओळीला थांबून. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे मी नेहमी अडखळते. गावी ती बाजरीची होती. पुण्यात मेसच्या दोन पातळ पोळ्या असतात, आणि तिसरी मागितली की काकू बघतात. पण मागणं रोजचंच आहे, महिन्याचं नाही. महिन्याचा हिशेब ज्याला जमत नाही त्याला ही ओळ जास्त कळते.

वाचायला उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. दरवर्षी १ जानेवारीला उत्साहात सुरू करून लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकलेले लोक प्रत्येक मंडळीत भेटतील. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज एक धरला तर सोळा दिवस. त्यानंतर नीतिसूत्रे: एकतीस अध्याय, तारखेप्रमाणे वाचता येतात. आज १२ तारीख तर बारावा. एखादा दिवस चुकला तर मागचा भरून काढायचा नाही, त्या तारखेचा वाचायचा. ही युक्ती मी एका नर्सकडून शिकले, नाइट ड्यूटीवाल्यांना फार सोयीची आहे.

जुन्या भाषांतराची भाषा जड वाटली तर सोपं भाषांतर घ्या, मोबाइलवर मिळतं. पण स्तोत्रं मात्र जुन्या भाषेत वाचून बघा, मोठ्याने. आणि एकदा सुट्टीच्या दिवशी दौंडकडे जाणारी लोकल पकडून केडगावला जाऊन या. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मिशनमधल्या बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्याच्या काही महिने आधी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली होती, तरी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. आपल्याला एक अध्याय वाचायला वेळ नाही असं वाटलं की मला केडगाव आठवतं आणि थोडं ओशाळायला होतं.

रूममेट, आडनाव आणि मोदक

खोली बघायला गेलात की आडनाव विचारतील. आपल्यापैकी पुष्कळांचं नाव बायबलमधलं आणि आडनाव गावाकडचं. मग पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही मूळचे कोण?" मला एका घरमालकिणीने हे विचारलं, उत्तर ऐकलं, आणि खोली कालच गेल्याचं सांगितलं. आठवडाभर पाटी तशीच लटकत होती. अशा वेळी खोटं सांगू नका आणि तिथे भांडतही बसू नका. खोटं सांगून मिळवलेल्या खोलीत रोज लपून राहावं लागतं. मंडळीत शब्द टाका. कुणाच्या तरी ओळखीत खोली निघते.

रूममेटना पहिल्याच आठवड्यात साधेपणाने सांगून टाका: मी ख्रिस्ती आहे, रविवारी सकाळी चर्चला जाते, गजर सहाला लावते, चालेल ना? सांगितलं की विषय संपतो. न सांगता राहिलं तर दर रविवारी नवी थाप मारावी लागते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न गणपतीतला. प्रसाद घ्यायचा का? आरतीला उभं राहायचं का? करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हीच अडचण होती, आणि पौलाने पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात त्यावर सविस्तर लिहिलं आहे. दोन्ही वाचा. त्यात कडक बाजूही सापडेल आणि मोकळीही. शेजारच्याच्या विवेकाला ठेच लावू नका, हे मात्र दोन्हीकडे आहे. आमच्या मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं देवभीरू आहेत, म्हणून मी निकाल देत नाही. मी काय करते ते सांगते: मैत्रिणीकडे जेवायला जाते, आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहते, आरती म्हणत नाही. आमच्या संघातली एक मुलगी प्रसाद घेत नाही. पण आदल्या संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी जाऊन दोन नारळ किसून देते, सारण ढवळून देते. तिच्या "नको गं"चा कुणाला राग आलेला मी पाहिला नाही.

तोंड वाकडं करून दिलेला नकार टाळा, आणि दुसऱ्याच्या देवावर विनोद तर कधीच नको. आपल्यावर झालेले चालतात का आपल्याला?

परीक्षा, मुलाखत, रविवारची शिफ्ट

स्पर्धा परीक्षा बहुतेक रविवारीच असतात. पेपरला जा, अपराधी वाटून घेऊ नका. कॅथलिक मुलांनी शनिवारी संध्याकाळचा मिस्सा कुठे आहे ते विचारून ठेवावं. इतरांनी रविवार संध्याकाळची उपासना किंवा आठवड्यातली घरगुती प्रार्थना सभा गाठावी. मॉल, हॉस्पिटल किंवा कॉल सेंटरला रविवारची शिफ्ट असेल तर निदान महिन्यातला एक रविवार मागून घ्या आणि त्या बदल्यात दिवाळीत काम करायची तयारी दाखवा. हा सौदा साहेबांना आवडतो.

मुलाखतीआधी लांबलचक प्रार्थना सुचत नाही, घसा कोरडा पडलेला असतो. नहेम्या दुसरा अध्याय बघा. राजा विचारतो, तुला काय पाहिजे? नहेम्या म्हणतो, तेव्हा मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली, आणि लगेच राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे बसली एवढीच ती प्रार्थना. आपल्यालाही तेवढीच पुरते. मात्र नहेम्याने आधी कित्येक दिवस उपास करून विचार केला होता, आणि लाकूडफाट्यासाठी कुणाच्या नावे पत्र हवं तेही त्याला ठाऊक होतं. अभ्यास न करता पेपरवर क्रूस काढणाऱ्यांनी हा भाग सोडू नये.

पैशाचं

दशमांशाबद्दल, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, विचारतात. शिकत असाल तर अर्पणाच्या पिशवीत दहा रुपये टाका आणि मान वर ठेवा. पगार असेल तर आधी खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे. देवाला वाहिलं असं सांगून आईबापांचं देणं टाळणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलं आहे. त्यानंतर जमेल तो भाग ठरवा आणि तो नियमित द्या.

याला जोडूनच एक इशारा. होस्टेलच्या बाहेर, कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी फार गोड बोलून बायबल अभ्यासाला बोलावतं. बहुतेक वेळा ती चांगली माणसं असतात. पण पत्ता नीट सांगत नाहीत, "तुमच्या चर्चमध्ये सत्य शिकवत नाहीत" म्हणतात, घरच्यांना सांगू नका म्हणतात, किंवा बरं होण्यासाठी औषध बंद करायला सांगतात, यातलं एक जरी दिसलं तरी उठून या. आपल्या पाळकसाहेबांना किंवा फादरांना येऊन सांगा. औषध बंद करा म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नका. लूक स्वतः वैद्य होता.

मन बसतं तेव्हा

बसतंच. निकाल लागत नाही, कुणी सोडून जातं, घरी पैसे मागायची लाज वाटते. त्यात कुणी म्हणतं, "प्रार्थना कमी पडते तुझी." असं म्हणणाऱ्याला राजांचं पहिलं पुस्तक, एकोणिसावा अध्याय वाचायला द्या. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येऊन उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची चंबू. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो. बोलणं त्यानंतर, खूप दिवसांनी.

म्हणून क्रम असा: आधी जेवा. झोपा. मग एका माणसाला सांगा, अर्धवट सांगितलं तरी चालेल. तेरावं स्तोत्र वाचा. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातच "परमेश्वरा, कुठवर?" अशी आहे, एवढं तक्रारीचं बोलायला देवापुढे परवानगी आहे हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगू नये असं वाटतं, तर डॉक्टरकडे जा. त्याच रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो लावणं म्हणजे अविश्वास नाही. एलीयानेही दूताला "मी फक्त प्रार्थनेवर राहीन" असं म्हटलं नव्हतं.

रविवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट जाते, हे वहीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितलं आहे. कारण साधं आहे: मेस बंद असते. सकाळी गोडाचं जेवण, आणि रात्री ज्याचं त्याने बघायचं. खोलीत एकट्याने बिस्किटं खात बसू नका. तरुण संघाची सभा कुठल्या वारी आहे विचारा. आमची आम्ही मुद्दाम रविवारी संध्याकाळी सहाला ठेवली आणि नंतर सगळे मिळून पावभाजी खायला जातो, आपापले पैसे काढून. हजेरी दुप्पट झाली. वचनामुळे की पावभाजीमुळे, ते मी तपासलेलं नाही.

डिसेंबर

सेमिस्टरच्या परीक्षा आणि नाताळची गाणी एकाच वेळी येतात. कॅरलला सगळ्या रात्री जाणं जमणार नाही. आपल्या भागातली एक रात्र ठरवा आणि स्वेटर न्या. २३ आणि २४ तारखेला वाकडेवाडीहून नगरकडे सुटणाऱ्या गाड्यांत उभं राहायला जागा नसते, त्यामुळे एसटीचं आरक्षण पंधरा दिवस आधी करून ठेवा. आणि आईला फोन करून सांगा की करंज्या या वर्षी जास्त लागतील. दिवाळीत रूममेटच्या घरचा फराळ आपण सगळ्यांनी मिळून संपवलेला असतो. परत येताना निदान तीन खोल्यांना पुरेल एवढा डबा हवा.